यूट्यूबवरची आखाजी एक्सेलमध्ये कशी उतरवायची

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबाऱ्याची प्रिंट, लग्नाच्या पत्रिका आणि वर्षभर अधूनमधून पीएच.डी.चे प्रबंध. सायन्सवाले आपलं आपण टाइप करतात, माझ्याकडे येतात ते मराठी, हिंदी, इतिहासवाले. गेल्या उन्हाळ्यात असेच एक सर दोनशेपानी वही घेऊन आले. म्हणाले, "ताई, एवढं टेबल करून द्या."

वही उघडली तर आत आखाजीच्या अहिराणी गाण्यांचे व्हिडीओ. आखाजी म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय तृतीया, लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात; अहिराणी ही इथली बोली. नाव, चॅनल, व्ह्यूज, लाइक्स, सगळं रात्री मोबाईल बघून पेनाने उतरवलेलं. एका ओळीत "१.२ लाख", दुसरीत "१२००००", तिसरीत नुसतं "लाखावर". पहिलं पान आणि शेवटचं पान यांच्यामध्ये तीन आठवडे गेलेले. म्हणजे पहिल्या गाण्याचा आकडा एका दिवसाचा, शेवटच्या गाण्याचा तीन आठवड्यांनंतरचा, आणि सर या दोघांची तुलना करणार. मी म्हटलं, "सर, टायपिंगचे पैसे मी घेईन, पण हे टेबल तुमच्या गाईडसमोर पाच मिनिटं टिकायचं नाही." पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने पूर्वी एकदा एका टूलचं नाव सांगितलं होतं. त्या दुपारी ते उघडलं आणि तेव्हापासून माझ्या दुकानात हे एक नवीन काम सुरू झालं. इथे ते सगळं लिहून ठेवतेय, कारण दर आठवड्याला कुणीतरी येऊन तेच विचारतं.

टूलचं नाव यूट्यूब डेटा टूल्स. ॲमस्टरडॅम विद्यापीठात मीडिया स्टडीज शिकवणाऱ्या बर्नहार्ड रीडर यांनी ते बनवलंय. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, कॉम्प्युटरवर काही बसवायलाही लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतं. गुगलवर रोमन अक्षरांत टूलचं नाव टाका आणि पुढे "डिजिटल मेथड्स" जोडा, पहिल्या दोन-तीन दुव्यांत सापडेल. नुसतं "यूट्यूब डेटा" शोधलंत तर पैसे मागणाऱ्या दहा भलत्याच साइट पुढे येतात.

हे टूल काम कसं करतं, ते बँकेच्या भाषेत सांगते. आपण यूट्यूबवर जे बघतो तो बँकेचा हॉल. पण यूट्यूबने बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी मागच्या बाजूला एक वेगळी खिडकी ठेवली आहे, तिला एपीआय म्हणतात. त्या खिडकीवर ठरलेल्या नमुन्यात स्लिप भरून दिली की माहिती रकाने पाडून मिळते. हे टूल तुमच्या वतीने स्लिप भरतं आणि आलेल्या माहितीची फाइल करून हातात देतं. ते गाणी डाउनलोड करत नाही. हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो, की काउंटरवर पाटी लावायचा विचार आहे.

खिडकीवर काय मिळत नाही तेही आधीच कळलेलं बरं, नाहीतर आठवडा वाया जातो. सरांचा मूळ प्रश्न होता, "आखाजीची गाणी कोण ऐकतं?" म्हणजे बाया किती, गडी किती, गावातले किती, शहरातले किती. हे या टूलने कळत नाही. बघणाऱ्यांचं वय, लिंग, गाव ही माहिती फक्त चॅनलच्या मालकाला त्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसते, तीही एकत्रित. डिसलाइकचे आकडे यूट्यूबने डिसेंबर २०२१पासून बंद केले, त्यामुळे तो रकाना दिसला तरी त्यात काही नसतं. सबस्क्रायबरचा आकडा पहिल्या तीन अंकांपर्यंतच खरा, पुढे शून्यं: १,२३,४५६ असतील तर १,२३,००० मिळतील. आणि "फेव्हरिट" नावाचा एक रकाना येतो, त्यात कायम शून्य. तो जुन्या काळातला राहून गेलेला आहे. सरांनी त्या शून्यांवर एक परिच्छेद लिहायला घेतला होता.

तर आम्ही प्रश्न बदलला. आखाजीच्या आधी-नंतर किती दिवस ही गाणी अपलोड होतात, आणि त्यांच्याखाली लोक कोणत्या भाषेत, कशाबद्दल लिहितात? या दोन्हींची उत्तरं खिडकीवर मिळतात. तुमचा प्रश्न असा एका ओळीत कागदावर उतरत नसेल, तर टूल उघडू नका. उघडलंत की ते भसाभसा फायली देतं आणि मग आपण त्या फायलींना शोभेल असा प्रश्न शोधत बसतो.

शब्द शोधणं, ही खरी मेहनत

टूलच्या वरच्या पट्टीत वेगवेगळे विभाग दिसतात. चॅनलची माहिती, चॅनल शोधणं, व्हिडीओंची यादी, कमेंट्स, आणि कोण कुणाशी जोडलंय ते दाखवणाऱ्या जाळ्यांचे एक-दोन. सुरुवातीला तुम्हाला दोनच लागतील: व्हिडीओंची यादी आणि कमेंट्स.

यादी मिळवायचे चार मार्ग आहेत: एका चॅनलचे सगळे व्हिडीओ, एका प्लेलिस्टचे, शोधशब्दावरून, किंवा तुम्ही स्वतः दिलेल्या व्हिडीओ-क्रमांकांवरून. चॅनल ठरलेलं असेल तर पहिला मार्ग सर्वांत पक्का. फक्त चॅनलचं नाव किंवा ॲटच्या चिन्हाचं हँडल टाकून भागत नाही, चॅनलचा आयडी लागतो. तो इंग्रजी कॅपिटल "यूसी"ने सुरू होतो आणि २४ अक्षरांचा असतो. चॅनलच्या पानावर वर्णनाशेजारच्या "आणखी" वर दाबा, खाली "चॅनल शेअर करा" येतं, त्यात "चॅनल आयडी कॉपी करा". हाताने टाइप करू नका. लहान एल आणि मोठा आय यांच्यात माझा एकदा तास गेला.

शोधशब्दाचा मार्ग मात्र निसरडा आहे. आमची पहिली यादी बघून सर हसायला लागले. "गौराई" टाकलं, तर भाद्रपदातल्या गौरी-गणपतीची गाणी आली. उरलेल्या महाराष्ट्राची गौराई गणपतीत येते, आपली आखाजीला, हे खिडकीवरच्या यंत्राला कोण सांगणार? "झोका" टाकलं तर लोखंडी झोपाळे विकणारे आणि बाळाचे पाळणे. "सांजोरी" टाकलं तर पाककृती. "अक्षय तृतीया" टाकलं तर सोन्याचा भाव आणि राशीफळ. शेवटी कामाला आला तो "आखाजी" हाच शब्द, कारण तो आपल्या भागाबाहेर फारसा कुणी वापरत नाही. पण त्याचीही स्पेलिंग किती! आखाजी, अखाजी, आखाजि, आणि रोमन अक्षरांत तर एक ए, दोन ए, जे आणि जी, काहीही. "खान्देश" आणि "खानदेश" हेही दोन वेगळे शब्द धरा. प्रत्येक स्पेलिंगचा शोध वेगळा करा, फाइलच्या नावात ते स्पेलिंग लिहा, आणि सगळ्या फायली एकत्र करून एकच व्हिडीओ दोनदा आला असेल तो काढून टाका.

भाषेच्या चौकटीत दोन अक्षरी कोड टाकायचा असतो, मराठीचा "एम आर". अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत तीन अक्षरी कोड आहे, दोन अक्षरी नाही, म्हणून इथे अहिराणी निवडता येत नाही. सरांना याचं वाईट वाटलं. मी ती चौकट मोकळीच ठेवते, कारण मराठी टाकलं तरी ते "फक्त मराठी" असं नसतं, मराठीला झुकतं माप एवढंच. देशाच्या चौकटीत भारत टाकलं तरी तसंच: भारतात बघता येणारे व्हिडीओ, भारतात बनलेले नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका शोधात कितीही मागितलं तरी साधारण ५००च्या आसपास व्हिडीओ मिळतात, मग आटतं. एका फेरीत ५०, म्हणून दहा फेऱ्यांच्या वर मागण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय म्हणजे काळाचे तुकडे. टूलमध्ये "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी सोय आहे आणि त्यातच प्रत्येक दिवसाचा वेगळा शोध घेण्याचा पर्यायही आहे. आमच्या कामाला तो अगदी बसला. फक्त तारखा नीट लावा, आखाजी तिथीवर चालते. २०२३ला ती २२ एप्रिलला होती, २०२४ला १० मेला, २०२५ला ३० एप्रिलला. सरांनी तिन्ही वर्षांसाठी "१५ एप्रिल ते १५ मे" असं लिहून आणलं होतं. तसं केलं असतं तर २०२४च्या सणाला नंतरचे पाचच दिवस मिळाले असते आणि "२०२४मध्ये उत्साह लवकर ओसरला" असा शोध लागला असता. आम्ही प्रत्येक वर्षी सणाच्या आधी १५ दिवस आणि नंतर १५ दिवस घेतले, वर दोन्हीकडे एकेक दिवस जादा. जादा का, ते पुढे येतंच.

दिवसागणिक शोध उगाच लावू नका. खिडकीवर प्रत्येक स्लिपला मोल असतं. साध्या खात्याला रोज १०,००० युनिट मिळतात. व्हिडीओची माहिती मागायला १ युनिट जातं, पण एका शोधाच्या एका पानाला १००. तीस-बत्तीस दिवसांचा दिवसागणिक शोध म्हणजे कमीत कमी ३,०००च्या वर. या टूलचा कोटा मोठा असेलही, पण तो जगभरच्या लोकांत वाटला जातो, त्यामुळे आधी दोन दिवसांचा छोटा शोध करून शब्द बरोबर आहे का ते बघा, मगच मोठा लावा. कोटा संपल्याचा निरोप आला तर रात्री बारापर्यंत जागू नका. तो कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. जेवून या आणि बसा.

एकदा दोन शोध लागोपाठ केले, तेच शब्द, त्याच तारखा, तरी याद्या थोड्या वेगळ्या आल्या. टूल बिघडलं नव्हतं. यूट्यूबचा शोध तसाच आहे, तो सगळं देण्याची हमी देत नाही. म्हणून प्रबंधात "यूट्यूबवर आखाजीचे इतके व्हिडीओ आहेत" असं लिहू नका, "या शोधात इतके मिळाले" असं लिहा. मी तर टाइप करताना स्वतःच बदलते आणि शेजारी पेन्सिलने खूण करते.

फाइल उघडताना

सगळ्या चौकटी भरून, "मी रोबोट नाही"वर टिक करून सबमिट केलं की थांबा. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे लाइट जाते, त्यामुळे मी मोठे शोध सकाळी नऊच्या आत लावते. मध्येच नेट तुटलं तर अर्धवट फाइलच्या भरवशावर बसू नका, पुन्हा पहिल्यापासून. काम झालं की पानाच्या खाली फाइलची लिंक येते, ती सीएसव्ही असते, म्हणजे रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल.

आणि इथे सगळे तेच करतात: फाइलवर डबल क्लिक. एक्सेल उघडतं आणि मराठीच्या जागी किडे-मुंग्या. सरांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं गाण्यांची नावं गेली. काही गेलेलं नसतं. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरपद्धतीत आहे आणि एक्सेल ती जुन्या इंग्रजी पद्धतीने वाचतंय, एवढंच. ती खिडकी सेव्ह न करता बंद करा. सेव्ह केलीत तर मात्र खरंच जाईल. मग कोरं एक्सेल उघडा, वर "डेटा" टॅब, त्यात "फ्रॉम टेक्स्ट-सीएसव्ही", फाइल निवडा. जी छोटी खिडकी येते तिच्यात फाइल ओरिजिनच्या यादीतून ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. लगेच खालच्या नमुन्यात मराठी दिसायला लागतं. आता "लोड" दाबायचा मोह आवरा आणि "ट्रान्सफॉर्म डेटा" दाबा.

का, ते सांगते. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडीओला ११ अक्षरांचा क्रमांक असतो. त्यात इंग्रजी लहान-मोठी अक्षरं, आकडे, खालची रेघ आणि आडवी रेघ एवढंच येतं. काही क्रमांक नेमके आडव्या रेघेने सुरू होतात. एक्सेलला ती वजाबाकीची खूण वाटते, ते गणित करायला जातं आणि तिथे "नेम" असा चुकीचा शेरा उमटतो. आमच्या पहिल्या यादीत अशा चार ओळी होत्या. मी त्या "बिघडलेल्या" म्हणून खोडून टाकल्या आणि दोन दिवसांनी सर म्हणाले, "ताई, ते शिंदखेड्याकडचं गाणं कुठे गेलं?" माझं माहेर शिंदखेड्याचं, ते गाणं मी स्वतः ऐकलं होतं, आणि मीच खोडलं होतं! तेव्हापासून ट्रान्सफॉर्ममध्ये क्रमांकाच्या रकान्याचं डोकं पकडायचं, प्रकार "टेक्स्ट" करायचा, मगच लोड. गुगल शीट्स वापरत असाल तर इंपोर्ट करताना मजकुराचं आकडे-तारखांत रूपांतर करणारी टिक काढून टाका, तेच काम होतं.

दुसरी गंमत, एक्सेलच्या व्हीलुकअपला, म्हणजे दोन याद्या जुळवायच्या सूत्राला, लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळत नाही, यूट्यूबला कळतो. दोन याद्या क्रमांकावरून जुळवताना असा एखादा जोड चुकू शकतो. दुर्मीळ आहे, पण जुळवून झाल्यावर शीर्षक एकदा नजरेखालून घाला.

आता तो जादा दिवस. प्रसिद्धीची वेळ फाइलमध्ये आपल्या घड्याळाची नसते, जागतिक वेळेची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका गाण्यासमोर २९ एप्रिल २०२५, २०:१५ असं होतं. सरांनी ते "सणाच्या आदल्या दिवशी"च्या खणात टाकलं. साडेपाच तास मिळवा: ३० एप्रिल, मध्यरात्रीनंतर पावणेदोन. म्हणजे ते आखाजीच्याच दिवशी चढवलेलं. रात्री उशिरा एडिटिंग आटपून अपलोड करणारे खूप, त्यामुळे आमच्या टेबलात अशा ओळी एक-दोन नव्हत्या. शेजारी नवा रकाना घ्या आणि वेळेच्या खान्यात ५.५ भागिले २४ मिळवा, एक्सेलमध्ये एक दिवस म्हणजे १ असतो म्हणून. मग खाली ओढा. टूलमध्ये तारखा टाकतानाही हीच जागतिक वेळ चालते, म्हणून दोन्ही टोकांना एकेक दिवस जास्त घ्यायचा आणि नंतर आपल्या वेळेने कापायचा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि ते माणसानेच करायचं. "ठेवायचं / काढायचं" असा एक रकाना घाला आणि प्रत्येक शीर्षक वाचा. सोन्याचा भाव काढा, राशीफळ काढा. शंका आली तर व्हिडीओ उघडून अर्धा मिनिट बघा. आम्ही दोघं एक दिवस चहावर हेच करत बसलो. काढलेल्या ओळी पुसू नका, वेगळ्या शीटवर ठेवा, का काढल्या ते एका शब्दात लिहा.

व्ह्यूजची तुलना करताना एक खड्डा आहे. शॉर्ट्स आणि मोठी गाणी एकाच फाइलमध्ये येतात आणि "हे शॉर्ट आहे" असं सांगणारा रकाना नाही. कालावधी सेकंदांत मिळतो, त्यावरून अंदाज बांधायचा. पण १५ ऑक्टोबर २०२४पासून उभा व्हिडीओ तीन मिनिटांपर्यंत शॉर्ट होऊ शकतो, त्याआधी एकच मिनिट होतं. शिवाय ३१ मार्च २०२५पासून शॉर्टचा व्ह्यू मोजायची रीतच बदलली. व्हिडीओ सुरू झाला की मोजला, किती वेळ बघितला याची अट नाही. म्हणजे २०२४ची आखाजी जुन्या मापाची आणि २०२५ची नव्या मापाची. सरांच्या टेबलात २०२५चे शॉर्ट्स उड्या मारताना दिसत होते. आम्ही १८० सेकंदांपर्यंतचे सगळे वेगळ्या टेबलात टाकले आणि त्या टेबलात दोन वर्षांची तुलना केलीच नाही.

लाइक्सच्या रकान्यात रिकामं खानं आणि शून्य हे वेगळं. रिकामं म्हणजे मालकाने आकडा लपवलाय. कमेंट्सचंही तसंच, लहान मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या व्हिडीओंवर कमेंट्स बंदच असतात. शाळेच्या गॅदरिंगमधली झोक्याची गाणी त्यात सापडतात. त्यांना "लोकांनी प्रतिसाद दिला नाही" म्हणू नका.

कमेंट्स

कमेंट्सच्या विभागात व्हिडीओचा ११ अक्षरी क्रमांक टाकला की दोन-चार फायली मिळतात. तुम्हाला मुख्य कमेंट्सची फाइल पुरे. त्यात मजकूर, वेळ, लाइक्स, लिहिणाऱ्याचं नाव, आणि ते मूळ मत आहे की कुणाला उत्तर, एवढं असतं. व्हिडीओखाली दिसणारा आकडा आणि मिळालेल्या ओळी तंतोतंत जुळत नाहीत. पुसलेल्या, अडवून ठेवलेल्या मतांचा फरक राहतो, त्यापायी जीव आटवू नका. जाळ्याची फाइलही येते, ती गेफी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडते. दिसायला कोळ्याचं जाळं. सरांना ते मुखपृष्ठावर हवं होतं. मी छापून दिलं, पण त्याचा अर्थ दोघांनाही सांगता आला नसता, म्हणून शेवटी काढलं.

फाइल हातात आली की पहिलं काम: लिहिणाऱ्यांच्या नावाचे रकाने काढून त्या जागी १, २, ३ असे क्रमांक. लोकांनी गाण्याखाली लिहिलंय, प्रबंधात छापून यायला नाही. मजकुरातही शोधा, कारण गाव, आडनाव, मोबाईल नंबर सगळं सापडतं. वर्णनाच्या रकान्यात तर बँडवाल्यांचे आणि ऑर्केस्ट्राच्या बुकिंगचे नंबर ओळीने. दहा अंकी आकडे शोधून पुसल्याशिवाय मी प्रिंट काढत नाही.

मग वाचायला बसा. मशीनने भावना मोजणारे प्रोग्रॅम आहेत म्हणतात. अहिराणीवर ते चालवून दाखवा, माझ्याकडून चहा. आपल्याकडे "भू" म्हणजे खूप, मराठीतलं "बहु". "भू भारी" असं लोक रोमन अक्षरांत लिहितात, पण कुणी मध्ये ए घालतं, आणि मग ते "भाऊ भारी" असंही वाचता येतं. गायकाला भाऊ म्हटलंय की गाण्याला खूप भारी म्हटलंय? सर आणि मी एका ओळीवर पंधरा मिनिटं भांडलो. शेवटी असल्या ओळींना "दोन्ही" असा शेरा दिला. सरांनी आधी "अहिराणी, मराठी, हिंदी" असे तीन खण पाडले होते, आम्हाला सहा करावे लागले: देवनागरीतली अहिराणी, रोमनमधली अहिराणी, मराठी, हिंदी-गुजराती, नुसत्या इमोजी, आणि सांगता येत नाही. गुजराती का, तर सुरत. तापी लाइनने आपली अर्धी गावं सुरतेत उधना-लिंबायतला गेलेली. "आम्ही सुरतले ऱ्हातस" अशा धाटणीच्या ओळी जागोजागी. बघणाऱ्याचं गाव टूल देत नाही हे खरं, पण लोक आपणहून लिहितात ते वेगळं मोजता येतं. फक्त लिहिणारे म्हणजे सगळे बघणारे नव्हेत, एवढं टेबलाखाली लिहा.

कमेंट्स हजारांत असतील तर सगळ्या वाचणं होत नाही. वेळेप्रमाणे लावून दर दहावी घ्या. लाइक्सप्रमाणे लावून वरच्या शंभर घेतल्या तर फक्त गाजलेल्यांचं ऐकाल. आधी शंभर ओळी दोघांनी वेगवेगळ्या वाचून खण भरायचे आणि मग ताडून बघायचं. आमचे खूप जुळले नाहीत. "मायनी आठवन उनी" ही ओळ मी माहेरच्या खणात टाकली, सरांनी कौतुकाच्या. ते म्हणाले, गाणं चांगलं आहे म्हणूनच आठवण आली ना. मी म्हटलं, सर, तुम्ही आखाजीला माहेरी गेलेला नाहीत.

एक शेवटची सवय लावून घ्या, याची किंमत आम्ही मोजली आहे. सरांच्या गाईडने कच्चा मसुदा वाचताना मोबाईल काढला, एक गाणं उघडलं आणि विचारलं, हा आकडा तर वेगळा दिसतोय, तुम्ही कुठून आणला? दोन महिने उलटले होते, आकडा वाढणारच. पण कोणत्या दिवशी घेतला ते आमच्याकडे लिहिलेलं नव्हतं. मी फाइलला "आखाजी नवीन", "आखाजी नवीन फायनल", "आखाजी फायनल २" अशी नावं दिली होती. सगळं पुन्हा करावं लागलं. आता दुकानात एक लाल वही आहे. प्रत्येक शोधाची तारीख, वेळ, शब्द जसाच्या तसा, चौकटींत काय भरलं, किती ओळी आल्या. फाइलच्या नावातही तारीख. टूलने दिलेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, तिला हात लावायचा नाही, काम नेहमी नकलेवर.

टायपिंगवाल्यांसाठी एक धंद्याची गोष्ट. आपण जुन्या सवयीने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये मजकूर करतो. या फायली युनिकोडच्या आहेत, तिकडे चिकटवल्या की पुन्हा किडे-मुंग्या. प्रबंधाची तेवढी प्रकरणं तरी मंगल किंवा कोकिळामध्ये घ्या. आणि इमोजी माझ्या प्रिंटरवर रिकामे चौकोन म्हणून उमटतात. सरांच्या परिशिष्टात एका पानावर नुसते चौकोनच होते. त्या जागी मी कंसात शब्द टाइप करत गेले, "हात जोडलेले", "हात जोडलेले", "हसू". सरांनी प्रूफ तपासून परत आणलं, तेव्हा सुरतेच्या एका ओळीसमोर माझं "हसू" लाल पेनाने खोडलेलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "ताई, नीट बघा, डोळ्यांत पाणी आहे."